अकरा फूट सलग भिंत

सोमवारी सामान हलवणाऱ्या कंपनीचा मुलगा यादी करायला आला. कामसू, हसतमुख मुलगा. कपाटं, पलंग, फ्रिज, पुस्तकांची खोकी मोजून झाल्यावर आतल्या खोलीत शिरला, दिवा लावला, एक नजर फिरवली आणि कागदावर लिहिलं, ‘लाकडी टेबल, मोठं, एक.’ मग मला विचारलं, “काका, याचे पाय सुटतात ना?”

पाय सुटतात. पायांवर जे उभं आहे ते सुटत नाही.

माझ्या नेहमीच्या वाचकांना ही आतली खोली ठाऊक आहे. पावसाळी हवेनं प्लायवूड फुगून रूळ उचलले गेले, तेव्हा मी याच सदरात हळहळलो होतो, आणि शेंद्री स्टेशनाचं छप्पर बसलं तो आनंदही इथंच वाटला होता. तेव्हा ही बातमीही इथंच द्यायला हवी : कुर्डुवाडी ते बार्शी टाऊन हा माझ्या घरातला नॅरोगेज मार्ग या आठवड्यात बंद झाला.

कारण डोंबिवलीत सध्या गल्लोगल्ली आहे तेच. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेरीस किल्ल्या द्यायच्या, काही वर्षं भाड्याच्या घरात काढायची, मग त्याच जागी नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला यायचं. करार नीट झालाय, सोसायटीच्या मंडळींनी खूप खपून तो करून घेतलाय, गळक्या गच्चीतून सुटका होणार याचं मलाही बरं वाटतंय.

पण नव्या घराचा नकाशा पाहिल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. घर मोठं मिळणार आहे. कार्पेट एरिया वाढलाय, एक बाथरूम वाढलंय. आणि त्या वाढलेल्या घरात अकरा फूट सलग भिंत एकही नाही. प्रत्येक भिंतीत कुठं ना कुठं दार, मोठी खिडकी, वॉर्डरोबसाठी सोडलेला कोनाडा. आर्किटेक्टना विचारलं, तर ते म्हणाले, “काका, हल्ली भिंत कोणाला लागते?”

मला लागते. पुस्तकं असलेल्या माणसाला लागते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी शिवणकाम करतात, त्यांना कापड बेतायचं टेबल लावायला लागते. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर गणपतीच्या महिनाभर आधीपासून मखर करत बसतात, त्यांना लागते. घरात माणूस झोपतो, जेवतो आणि टीव्ही पाहतो एवढंच धरून हे नकाशे निघतात. घरात बसून तो काही घडवत असेल, आणि ते घडायला दहा-पंधरा वर्षं एकाच जागी पडून राहावं लागत असेल, ही शक्यता चौरस फुटांच्या हिशेबात धरलेलीच नसते. चाळीत जागा कमी होती, पण गॅलरीच्या टोकाला कोणाचा तरी हातमाग किंवा सुतारकामाचा बाक असायचाच, आणि त्याला कोणी हलवत नसे. हे मी कौतुकानं सांगतोय आणि रागानंही.

मॉडेल रेल्वे खोक्यात भरून नेता येते असा पुष्कळांचा समज आहे. इंजिनं नेता येतात, डबे नेता येतात. लेआउट हा मुलूख असतो. त्याचे चढउतार, वळणं, सांधे हे त्या खोलीच्या मापानं जन्माला आलेले असतात. माझा एचओई मापाचा, म्हणजे 1:87 प्रमाण आणि 9 मिमी रुंदीचा रूळ. खरी बार्शी लाइट अडीच फुटी, 762 मिमी. भागिले 87 केलं की पावणेनऊ मिमी येतात, म्हणजे बाजारात मिळणारा रूळ जवळजवळ चपखल बसतो. कुर्डुवाडीच्या ब्रॉडगेजचं तसं नाही. 1676 ला 87 ने भागलं की 19 मिमीच्या वर जातं आणि दुकानातला रूळ असतो साडेसोळा मिमीचा. तो लावला असता तर मुंबई–सोलापूरची मोठी लाइन अंगानं बारीक दिसली असती. म्हणून ब्रॉडगेजचा तेवढा तुकडा मी एकेक स्लीपर मांडून हातानं केला. त्यावरून कधी काही धावलं नाही. पण फलाटाच्या एका अंगाला रुंद रूळ, दुसऱ्या अंगाला चिंचोळा आणि मध्ये पाठीवर पोती घेतलेले हमाल, हे बरोबर दिसल्याशिवाय ते कुर्डुवाडी होत नाही. एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणं, हाच त्या जंक्शनाचा धंदा होता. हमालांच्या डोक्यावरची मुंडाशी आमच्या हिनं शिवणाच्या दोऱ्यानं, चिमट्यात धरून गुंडाळली आहेत.

माती मात्र बार्शीचीच, आजोळच्या शेतातली. ती वाळवून, कुटून, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग जुन्या मलमलीतून काढायची. त्यानंतर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवायचं. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यात चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात आणि ते राहिले तर इंजिनाच्या मोटारीत शिरून बसतात. पहिल्या फेरीत त्या कागदावर दाट काळी मिशी उगवते. ती झटकायची, पुन्हा फिरवायचं, कागद कोरा निघेपर्यंत. मग माती पसरायची आणि पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडायचा. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवाच. साबण नसेल तर पाणी मातीवर गोळी होऊन राहतं, आत मुरत नाही. हे सगळं केल्यावर जो रंग येतो तो परदेशी पाकिटातल्या कुठल्याच मातीला नाही. मे महिन्यात कुर्डुवाडीला उतरून आम्ही त्या छोट्या गाडीत बसायचो तेव्हा खिडकीबाहेर हाच रंग असायचा. हात बाहेर काढला की बाभळीच्या फांद्या लागायच्या आणि आजी ओरडायची.

आता एव्हरार्ड काल्थ्रॉप यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. हे नाव सोलापूर, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं. या इंग्रज इंजिनिअरनं बार्शीसारख्या पेठेच्या गावाला मुख्य लाइनशी जोडायचं मनावर घेतलं आणि 1897 साली कुर्डुवाडी–बार्शी गाडी धावली. त्यांचा विचार साधा आणि नेमका होता. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलका चालतो, रूळ हलका की खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणजे जिथं मोठी रेल्वे कधीच गेली नसती तिथंही गाडी जाते. त्यासाठी लीड्सच्या किट्सन कारखान्यानं आठ चालती चाकं आणि मागं चार लहान चाकं असलेली इंजिनं करून दिली. हीच गाडी पुढं पंढरपूरला, लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. सव्वातीनशे किलोमीटरची लाइन झाली. आषाढीला तिच्या टपावरही माणसं असायची. काल्थ्रॉप 1927 सालीच वारले. शेवटच्या काळात ते पॅराशूट बनवण्यात गुंतले होते. त्यांच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी आपल्या वैमानिकांना पॅराशूट दिलंच नाही, आणि पेटत्या विमानातून उडी मारायची सोय नसलेली तरुण पोरं गेली. रुळावरचा प्रत्येक टन मोजणारा हा माणूस माणसाच्या जिवाचाही तितकाच विचार करत होता. मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे.

आणि इथंच माझी खरी तक्रार येते. बार्शीनंतर काल्थ्रॉप यांनी इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाइन केली. बार्शीतच पारखलेली पद्धत तिथं वापरली. ती 1904 साली सुरू झाली आणि 1934 साली बंद पडली. लांबी जेमतेम आठ मैल. आज त्या वाटेवर लोक चालायला आणि सायकली फिरवायला जातात, आणि तिच्या इंजिनांचे आणि पिवळ्या डब्यांचे किट तिकडच्या हौशी लोकांनी काढून ठेवले आहेत. आठ मैल, तीस वर्षं, आणि तिची खडान्‌खडा नोंद. आमची लाइन शंभर वर्षांहून जास्त चालली. लाखो वारकरी, कापसाच्या गाठी, ज्वारीची पोती वाहून नेली आणि या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. ब्रॉडगेज व्हायलाच हवी होती. लातूरच्या माणसानं किती दिवस ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं जायचं? पण जुनं उखडण्याआधी एकदा टेप लावून सगळं मोजून, कागदावर उतरवून ठेवायला काय हरकत होती? आपल्याकडच्या दुकानात बार्शी लाइटचा किट मला कधी दिसला नाही. किट्सनचं ते इंजिन मी जपानी एन गेजच्या चेसिसवर प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून केलं, तेही इंग्रजी पुस्तकातल्या आकृतीवरून. शेंद्रीचं मोजमाप जागेवर जाऊन, पावलं टाकून आणि टेप धरून घेतलं होतं. म्हणून कोणी “रिटायरमेंटमधला खेळ” म्हटलं की मला वाईट वाटतं. तो खेळ होताच, मनापासून होता. पण त्या टेबलावर जे होतं ते आता जमिनीवर कुठंही नाही.

असे निरोप जगभर घेतले गेले आहेत. कॅलिफोर्नियातले जॉन ॲलन यांचा ‘गोरी अँड डॅफेटिड’ हा लेआउट मॉडेल रेल्वेच्या जगातला सगळ्यात गाजलेला. डोंगरदऱ्या जमिनीपासून छतापर्यंत गेलेल्या. जानेवारी 1973 मध्ये ॲलन गेले आणि दहा दिवसांनी घराला आग लागून त्याचा बराच भाग जळाला. इंग्लंडातले जॉन अहर्न यांचा ‘मॅडर व्हॅली’ नशीबवान निघाला, पेंडन संग्रहालयानं तो सांभाळलाय. आपल्याकडं पुण्यात कोथरूडला जोशी कुटुंबानं आपल्या छोट्या गाड्यांचं 1998 साली सरळ म्युझियम केलं. मुलांना घेऊन जावं असं ते ठिकाण आहे, आणि मी तर एकटाही जातो. घरातला लेआउट टिकवायचा एकच खात्रीचा मार्ग दिसतो. तो घराबाहेर काढायचा, मालक जिवंत असताना. आमच्यासारख्यांना ते झेपत नाही. निदान मोडायचं तर आपल्या हातांनी मोडावं, एवढं मी ठरवलं होतं.

मोडायला बुधवार ते शनिवार लागले. गरम पाणी शिंपडून तासभर थांबलं की फेव्हिकॉल मऊ पडतो आणि खडी उलथन्यानं खरवडून निघते. खालून रूळ जवळजवळ नव्यासारखे सुटतात. सांध्यांच्या मोटारी काढल्या, सोल्डरची टोकं तोडली, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. सगळ्यात कठीण गेलं ते कुर्डुवाडीचं ट्रान्सशिपमेंटचं शेड. ते बोर्डाला चिकटवून, त्यावर माती घालून, मातीवर हमाल बसवून केलेलं. एकाला हात लावला की दुसरा हलतो. हिनं बसल्या बसल्या चाळीसेक हमाल चिमट्यानं उचलून औषधाच्या रिकाम्या पुठ्ठ्यांत ठेवले. मधेच उठून आत गेली, बराच वेळ आली नाही. मीही हाक मारली नाही.

ब्रॉडगेजचा हातानं केलेला तुकडा, किट्सनचं इंजिन आणि तीन डबे माझ्याकडं राहतील. भाड्याच्या घरात त्यांना पुस्तकांच्या कपाटात एक फळी मिळेल. बाकी सगळं बार्शीला चाललंय. तिथला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हे सदर वाचून मला पत्रं लिहितो. त्याचे पणजोबा या लाइनवर फायरमन होते. तो रविवारी काकांच्या टेम्पोतून आला. शेंद्री आणि बार्शी टाऊन दोन्ही स्टेशनं त्यानं मांडीवर घेऊनच परतीचा प्रवास केला. त्यांच्या वाड्यात माळ्यावर एक लांबच लांब खोली रिकामी आहे. चारही भिंती सलग. तो लेआउट भिंतीला लावणार नाही, खोलीच्या मधोमध मांडणार आहे, म्हणजे शाळेतली मुलं चहूबाजूंनी उभी राहून बघतील.

यातून एक अडचण निघाली आहे आणि त्यासाठी मला वाचकांची मदत हवी आहे. माझ्याकडं बार्शी टाऊनची इमारत भिंतीला टेकलेली होती. तिची यार्डाकडची बाजू मला करावीच लागली नव्हती, ती नुसता कोरा पुठ्ठा आहे. आता ती बाजू सगळ्यांना दिसणार. गेज बदलण्यापूर्वीचा, यार्डाच्या अंगानं काढलेला स्टेशनाचा फोटो कोणाकडं असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा असेल, वारीचा असेल, कोणाच्या निरोपसमारंभाचा असेल आणि मागं इमारत अर्धीमुर्धी दिसत असेल तरी चालेल, तर कृपया या वर्तमानपत्राच्या कार्यालयाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. खिडक्या किती होत्या, पाण्याची टाकी कुठल्या हाताला होती आणि छपराला कौलं होती की पत्रा, एवढं कळलं तरी त्या मुलाचं काम सुरू होईल. पाकिटावर ‘बार्शी टाऊन, मागची बाजू’ असं लिहा. फोटोची प्रत काढून मूळ फोटो मी स्वतः परत पाठवीन.