न कळविलेली थकबाकी

बँकेतील चौतीस वर्षांच्या सेवेत व्यापारी खातेदारांना मी एक गोष्ट सतत सांगत आलो. अडचण दिसू लागली की ती बँकेला लगेच कळवा, झाकून ठेवू नका. हप्ता थकण्यापूर्वी जो येतो, त्याच्यासाठी काही करता येते. हाच उपदेश गेल्या आषाढात मसाई पठारावर मला परत मिळाला.

विश्रामबागेत सकाळी फिरावयास जाणारा आमचा पाच जणांचा गट आहे. तिघे बँकेतील माझे जुने सहकारी आणि चौथे अण्णा. अण्णा हळदीचे अडत व्यापारी, वय अडुसष्ट, पूर्वी माझ्याच शाखेचे खातेदार. पन्हाळा ते पावनखिंड एकदा पायी जावे, ही कल्पना त्यांचीच. सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत रात्री, भर पावसात ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि ज्या वाटेवर बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली, ती ही वाट. त्या खिंडीचीच पुढे पावनखिंड झाली. महाराजांच्या लोकांनी एका दमात तोडलेले सुमारे पन्नास किलोमीटरांचे ते अंतर आजचे पदयात्री दोन दिवसांत, मध्ये मुक्काम करून चालतात. चातुर्मासात मुनिमहाराजसुद्धा विहार थांबवितात आणि तुम्ही निघालात, असा आहेर निघताना घरून मिळालाच.

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सारे जमलो आणि राजदिंडीच्या वाटेने उतरलो. तुरुकवाडी मागे पडली, चढ सुरू झाला आणि तासाभरात मसाईचे पठार लागले. ते पठार पावसाळ्यात पाहावे. मैलोगणती सपाट हिरवळ, पावलापावलाला साचलेले पाणी आणि अंगावरून वाहत जाणारे धुके. वीस पावलांवरचा माणूस नाहीसा होतो, क्षणभराने दुसरीकडेच दिसतो.

माझे लक्ष मात्र टाचेकडे होते. निघण्याच्या दोनच दिवस आधी मी नवे बूट घेतले होते. कोणत्याही अनुभवी पदयात्रीने हसावे अशी ही चूक. ओल्या मोज्यात टाच घासून फोड आला, पठाराच्या मध्यावर तो फुटला. मी कोणालाच बोललो नाही. छायाचित्रे काढण्याच्या निमित्ताने मागे राहू लागलो. आयुष्यभर इतरांना वेळेवर यावयास सांगणाऱ्या माणसाला ‘जरा थांबा’ म्हणणे जड जाते.

धुके दाट झाले आणि पुढचे आवाज बंद झाले. पठारावर गुरांच्या वाटा चहूकडे फुटतात. त्यांतली आपली कोणती, ते कळेना. हाका मारल्या, त्या वाऱ्याने नेल्या. पंधरा मिनिटे असेन तसा उभा, पण ती पंधरा मिनिटे मी विसरणार नाही. मग धुक्यातून छत्री आली आणि छत्रीखाली अण्णा.

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिले. म्हणाले, “साहेब, कधीपासून?”

“पठार लागल्यापासून.”

“आणि आत्ता सांगताय? त्या वर्षी दर पडल्यावर मी तीन महिने गोदामाचा खरा साठा तुम्हाला दाखवला नव्हता, तर तुम्ही केबिनमध्ये बसवून मला काय काय बोलला होता, आठवतंय का?”

आठवत होते. (हा प्रसंग त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे.) त्या दिवशी मी फार कठोर बोललो होतो. आकडे लपविणारा माणूस बहुधा लबाड नसतो, लाजलेला असतो, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

अण्णांनी टाचेवर कापडाची घडी बांधली. आमच्या तुकडीचा म्होरक्या तरुण होता, पण जाणता. त्याने मला रांगेच्या अग्रभागी आणले आणि सांगितले, “आता काकांच्या चालीनं सगळे.” कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी. भातलावणी करणाऱ्या बाया चिखलातून मान वर करून आमची ती संथ वरात पाहत होत्या.

साडेपाचला करपेवाडीस पोहोचावयाचे, ते सव्वासात वाजून गेले. दिवस मावळला होता. अण्णांचा रात्रिभोजन न करण्याचा नियम जुना आहे. वाटेत थांबून खाऊन घ्या, असे मी दोनदा म्हणालो होतो, पण थांबलो तर अंधारात सगळ्यांनाच ओढा ओलांडावा लागेल, म्हणून ते थांबले नव्हते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांचा डबा तसाच पिशवीत राहिला. त्यांनी पाणीही घेतले नाही. इतरांची पंगत बसली, तेव्हा ते माझे मोजे चुलीशी वाळवीत होते. मला घास उतरेना.

सकाळी म्होरक्याने विचारण्याच्या आत मीच सांगितले की, मी पुढे चालणार नाही. गावातल्या जीपने पांढरपाणीस गेलो आणि खिंडीच्या वाटेवर जाऊन बसलो. दुपार कलल्यावर मंडळी आली, अण्णा शेवटी, दमलेले पण प्रसन्न. मी गावातून भाकरी आणि ताक आणून ठेवले होते. त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, “भरपूर उजेड आहे साहेब, वाढा.”

ते बूट आता मी रोज सकाळच्या फेरीला घालतो. अण्णांनी पुढच्या आषाढासाठी आमची नावे देऊन ठेवली आहेत.