पाहुण्यांचा कॅमेरा

परदेशी प्रवाशाने धारावीच्या बोळात कॅमेरा काढला की आम्हा सुशिक्षितांची अस्मिता दुखावते. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत येथील माणसे जातिजमातींचे नमुने म्हणून छापली गेली, हा दाखला आम्ही वर्गात तत्परतेने देतो. आणि तेच आम्ही अभ्याससहलीची बस घेऊन पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला उतरतो व ओट्यावर बसलेल्या म्हातारीचे छायाचित्र तिला न विचारता टिपतो. लंडनच्या बागेत अनोळखी आजीबाईंसमोर असे करण्यास आम्ही धजणार नाही.

वास्तविक या गावात अभ्यासण्याजोगे जे आहे ते छायाचित्रात फारसे येतच नाही. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार झाला. पुढे श्रमदान, नालाबांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. पाणी जमिनीत मुरले, विहिरींना आले. मुरलेल्या पाण्याचा फोटो काढणार कसा? दारूबंदीसाठी माणसांना खांबाला बांधून फटके दिले गेले, हा अवघड इतिहास तर अहवालात चिकटवण्याच्या सोयीचाच नाही. मग उरते ती म्हातारी. तिच्याखाली ओळ येते: ‘ग्रामीण स्त्री’. (नाव विचारलेलेच नसते.)

गावालाच प्रसिद्धी हवी आहे, असा बचाव होतो. गावाला हवी असेलही. पण ‘आदर्श गाव’ हे बिरुद गावाचे आहे, त्या बाईच्या चेहऱ्याचे नव्हे. तिला नकार देण्याचा अवसर तरी आम्ही कधी दिला?