चाकांवरच्या घराची वीज : बॅटरी बदलली, व्यवस्था कधी बदलणार?

प्रतिनिधी, सोलापूर

आषाढीच्या आधी संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीत आणि संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूजला पोहोचली, की सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर चाकांवरची घरे उतरतात. दिंडीमागचा ट्रक हे वारकऱ्याचे सुमारे तीन आठवड्यांचे बिऱ्हाडच असते. तंबू, शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण असे सारे काही त्यात असते. रात्री मुक्कामाला त्याच ट्रकच्या आधाराने दिवे लागतात, ध्वनिक्षेपक चालतो आणि अलीकडच्या काळात शेकडो मोबाइल चार्ज होतात. पाश्चात्त्य देशांत ज्याला हौसेचे वाहन म्हणतात, त्याचे आपल्याकडचे सर्वांत जुने रूप हेच म्हणावे लागेल.

आता त्याच्या जोडीला नवे रूप आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असलेल्या वाहनांतून राज्य पाहावे, अशी ही कल्पना. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि सीमेपलीकडचे गाणगापूर ही सारी तीर्थक्षेत्रे सोलापूरपासून दोन-तीन तासांच्या आत असल्याने अशा प्रवासासाठी हे शहर सोयीचे ठिकाण आहे. परंतु हे घर पार्किंगमध्ये उभे राहिल्यावर त्यातील पंखा, फ्रिज आणि दिवा कशावर चालणार, या प्रश्नाचे उत्तर सध्या एका शब्दात दिले जाते : लिथियम. ते उत्तर चुकीचे नाही. मात्र अर्धवट आहे, आणि सोलापूरच्या उन्हात हा अर्धवटपणा धोक्याचा ठरू शकतो.

ओढ कशामुळे?

लिथियमकडे ओढा असण्याची कारणे स्पष्ट आहेत. दीडशे एएचच्या ट्युब्युलर बॅटरीचे वजन पन्नास किलोंच्या पुढे जाते. तिच्यातील निम्म्याहून अधिक वीज वारंवार वापरली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे कागदावरील १,८०० वॉट-तासांपैकी हाती येतात जेमतेम ९००. याउलट शंभर एएचची लिथियम बॅटरी बारा-तेरा किलोंची असते आणि तिच्यातील १,२८० वॉट-तासांपैकी हजाराहून अधिक निर्धास्तपणे वापरता येतात. डिस्टिल्ड वॉटर घालणे नाही, बंद वाहनात ॲसिडची वाफ नाही. शिशाची बॅटरी काही शे वेळा पूर्ण वापरून संपते, तर लिथियमची दोन हजार वेळा आणि त्याहून अधिक टिकते.

वाहनांतील घरगुती वापरासाठी लिथियमचा जो प्रकार योग्य मानला जातो, तो लोह-फॉस्फेटचा. मोबाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टयुक्त प्रकारापेक्षा तो उष्णतेला अधिक दाद देत नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये या पदार्थावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय संशोधक होते, याची आठवण आपल्याकडे क्वचितच काढली जाते. गुडइनफ यांना २०१९ मध्ये अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

डबा बदलला, वायरिंग तेच

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. जुनी बॅटरी काढली, तिच्या जागी नवी ठेवली, दोन तारा जोडल्या, एवढ्याने काम संपल्याचा समज सार्वत्रिक आहे. शिशाची बॅटरी भरत येते तसतशी कमी करंट घेऊ लागते. लिथियम बॅटरी मात्र जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तितका करंट ओढत राहते. इंजिनावरचा अल्टरनेटर इतका वेळ पूर्ण ताकदीने चालण्यासाठी बनवलेला नसतो. तो तापतो आणि प्रसंगी जळतो. बॅटरीच्या आतील संरक्षक यंत्रणेने, म्हणजे बीएमएसने, चार्जिंग अचानक तोडले, तर व्होल्टेजचा झटका अल्टरनेटरच्या डायोडला आणि गाडीच्या इतर इलेक्ट्रॉनिक्सला बसतो. यावर उपाय आहे. इंजिन आणि घराची बॅटरी यांच्यामध्ये करंट मर्यादित ठेवणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक ठरवत असल्याने या चार्जरची गरज आणखी वाढली आहे. पण खर्चात कपात करायची वेळ आली, की सर्वांत आधी गाळला जातो तो हाच भाग.

दिंडीच्या ट्रकची अडचण निराळी. मोठ्या ट्रकची वीजव्यवस्था २४ व्होल्टची, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेली असते. दिवे आणि मोबाइल चार्जर बारा व्होल्टचे. तेव्हा दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार काढण्याचा जुगाड केला जातो. त्यामुळे एक बॅटरी रिकामी होते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते आणि सकाळी ट्रक सुरूच होत नाही. या जोडीतील केवळ एक बॅटरी लिथियमची करणे तर त्याहून घातक. दिव्यांसाठी स्वतंत्र बॅटरी, स्वतंत्र फ्यूज आणि पावसापासून झाकलेल्या जोडण्या हाच योग्य मार्ग. वारी ऐन पावसाळ्यात असते, हे विसरून चालणार नाही.

सोलापूरचे ऊन

लिथियमविषयीचे बहुतेक मार्गदर्शन थंड देशांतून येते. तेथे काळजी असते ती शून्याखालील तापमानात बॅटरी चार्ज न करण्याची. सोलापूरकरांना चिंता दुसऱ्या टोकाची. येथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवे नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात तापमान त्याहून बरेच वर चढते. लोह-फॉस्फेट बॅटरीच्या चार्जिंगची मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ अंशांच्या आसपास दिलेली असते. ती ओलांडली, की चांगला बीएमएस चार्जिंग थांबवतो. म्हणजे छतावर सौर पॅनेल तळपत असताना खाली बॅटरी वीज घेण्यास नकार देते. बीएमएस निकृष्ट असेल तर तो थांबवत नाही, आणि धोका तेथेच आहे.

यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. वाहन उन्हात उभे केले तर सौर वीज मिळते, पण आत भट्टी होते. सावलीत उभे केले तर आत बरे वाटते, पण पॅनेल आळसावते. शिशाची बॅटरीही उष्णतेला भीत नाही असे नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ठोकताळा आहे. त्यामुळे बॅटरी कोणतीही असो, ती इंजिनाजवळ किंवा छताखालच्या पेटीत न ठेवता हवा खेळती असलेल्या खालच्या, सावलीच्या जागी ठेवणे सोलापुरात अत्यावश्यक ठरते.

वातानुकूलनाच्या आश्वासनाकडेही सावधपणे पाहायला हवे. दिवे, दोन पंखे, छोटा फ्रिज आणि मोबाइल मिळून एका रात्रीची गरज साधारण १,२०० वॉट-तासांची. ती एक-दोन लिथियम बॅटऱ्या भागवतात. परंतु छोटा एसी आठ तास चालवायचा तर पाच हजारांहून अधिक वॉट-तास लागतात. म्हणजे चार-पाच बॅटऱ्या आणि त्या भरण्यासाठी बाहेरची जोडणी. उन्हाळ्यात सोलापूरच्या पर्यटकाला हवी असते ती नेमकी हीच सोय.

कोणाला परवडते?

भाड्याने फिरणाऱ्या कॅराव्हॅनचा वापर वर्षातील निम्म्याहून अधिक रात्री होत असेल, तर लिथियमची मोठी किंमत वसूल होते. वर्षातून चार सहली करणाऱ्या खासगी मालकाचे गणित तसे जुळत नाही. दिंडीचा वापर तर वर्षातून तीन आठवड्यांचा. तेथे फायदा दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. शिशाची बॅटरी उरलेले अकरा महिने न भरता पडून राहिली, तर खराब होते. लिथियम बॅटरी निम्मी भरून ठेवली तर टिकते. हीच बॅटरी गावातील मंदिरात किंवा ग्रामपंचायतीत वर्षभर वापरता आली, तर खर्च सार्थकी लागेल.

कराच्या बाजूनेही चित्र पालटले आहे. लिथियम-आयन बॅटरीवरील जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शिशाच्या बॅटरीवर मात्र तो २८ टक्केच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तीही १८ टक्क्यांत आली. लिथियमला असलेली कराची सवलत त्यामुळे संपली असून दोन्हींची तुलना आता निव्वळ गुणांवरच करावी लागेल.

नियमांतील पोकळी

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात ई-स्कूटर पेटल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. त्यानंतर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि एआयएस-१५६ व एआयएस-०३८ या मानकांतील बॅटरी सुरक्षेच्या अटी कडक केल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. परंतु या मानकांचा रोख वाहन चालवणाऱ्या बॅटरीवर आहे. डिझेलच्या गाडीत केवळ पंखा आणि फ्रिज चालवणारी बॅटरी त्यांच्या चौकटीत बसत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. पण ते वाहनाच्या मंजुरीच्या वेळी उपयोगी पडते. दोन वर्षांनी गॅरेजमध्ये सुटे सेल जोडून बसवलेल्या बॅटरीकडे कोण पाहणार?

वाहनात फेरबदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे. उत्पादकाने दिलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. मात्र आसनाखालील बॅटरी हा रस्त्यावरून दिसणारा बदल नव्हे. स्कूटर पेटली तर चालक उडी मारून दूर होऊ शकतो. येथे मात्र त्याच बॅटरीपासून हातभर अंतरावर लहान मुले आणि वृद्ध झोपलेले असतात. वाहनातील आगीचा प्रश्न म्हणूनच इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा मोठा आहे.

जुन्या बॅटरीचे काय, हाही मुद्दा उरतोच. शिशाच्या बॅटरीला भंगारात भाव मिळतो आणि नवी घेताना ती वजावटीत जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. परंतु लोह-फॉस्फेटमध्ये कोबाल्टसारखा महाग धातू नसल्याने भंगारवाल्याला तिच्यात रस नाही. भाव नसलेली वस्तू शेवटी उकिरड्यावर जाते, हा अनुभव जुनाच आहे.

या पार्श्वभूमीवर काही गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. पर्यटन विभागाने कॅराव्हॅनच्या नोंदणीसोबत घराच्या बॅटरीचा प्रकार, फ्यूज आणि चार्जर यांची तपासणी सक्तीची करावी. कॅराव्हॅन उद्यानांत सावली असलेल्या जागीच वीजजोडणी द्यावी. वारीच्या वाहनांना शासन टोलमाफीचे पास देते. त्याच वेळी दिंडीच्या ट्रकच्या वायरिंगची तपासणी प्रादेशिक परिवहन कार्यालयामार्फत मोफत झाली, तर दिंडीचालकांनाही ती हवीच वाटेल. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

लिथियम बॅटरी उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु तिला चार्जर, फ्यूज, सावली आणि परतीची सोय या चारही गोष्टी लागतात. त्या न देता केवळ डबा बदलणाऱ्याने पैसे नव्या बॅटरीचे मोजलेले असतात. धोका मात्र जुन्या वायरिंगचाच उरतो.