भीतीचे तिकीट आणि मुलांचे वय
दरवर्षी ३१ ऑक्टोबर जवळ आला की अमेरिकेतील अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. वर्गातील मुले हॅलोवीनच्या ‘भुताच्या वाड्या’त जाणार असतात, नऊ-दहा वर्षांचा मुलगा हट्टाला पेटलेला असतो आणि पाठवावे की नाही, हे आईबापांना ठरवता येत नसते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही यातून सुटका झालेली नाही. उलट, हा सण त्यांच्या स्वतःच्या बालपणात नसल्याने त्यांची पंचाईत अधिकच होते.

आयर्लंड-स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात हा सण अमेरिकेत नेला. सोंगे घ्यावीत, शेजाऱ्यांकडे खाऊ मागत फिरावे, एवढ्यावर तो राहिला असता तर प्रश्नच नव्हता. परंतु भीती विकता येते, हे करमणुकीच्या व्यवसायाने ओळखले. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने १९७३ मध्ये भयरात्री सुरू केल्या. फ्लॉरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओजने १९९१ मध्ये तोच मार्ग धरला. अंधारे बोळ, रक्ताने माखलेले मुखवटे, करवत घेऊन अंगावर धावून येणारे नट असा तेथील थाट असतो. तेरा वर्षांखालील मुलांसाठी हा कार्यक्रम योग्य नाही, असा इशाराही या उद्यानांकडून दिला जातो.

हा इशारा म्हणजे बंदी नव्हे. बापाने सहा वर्षांच्या मुलीचे तिकीट काढले तर केवळ वयाकडे बोट दाखवून तिला परत पाठवले जात नाही. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांची अट असलेल्या चित्रपटाला त्याहून लहान मुलाला चित्रपटगृहाने प्रवेश नाकारावाच लागतो. येथे मात्र निर्णय आईबापांवर सोपवून व्यवस्थापन मोकळे होते. शिवाय हा इशारा जाहिरातीचेही काम करतो, कारण जेथे जाऊ नये असे सांगितले जाते तेथेच मुलांना जावेसे वाटते.

मग आईबापांनी काय पाहावे? विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोअ‍ॅन कॅंटर यांनी मुलांच्या भीतीचा अनेक वर्षे अभ्यास केला. अगदी लहान मुले विद्रूप चेहऱ्याला भितात आणि ‘ते खोटे आहे’ या समजुतीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. मोठी मुले मुखवट्याला हसतात, पण जे खरोखर घडू शकेल असे वाटते त्याने धास्तावतात. तेव्हा वय वाढले की भीती सरसकट कमी होते, हा समज चुकीचा आहे. भीतीचे रूप तेवढे बदलते.

याचे एक बोलके उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री बीबीसीने ‘घोस्टवॉच’ नावाचे नाटक दाखवले. झपाटलेल्या घरातून थेट वार्तांकन चालू आहे, असा त्याचा बाज होता. मायकेल पार्किन्सन यांच्यासारखे परिचित निवेदक त्यात स्वतःच्याच नावाने वावरत होते. मुलांच्या कार्यक्रमांतून घरोघरी पोचलेल्या सेरा ग्रीन अखेरीस भुताच्या तावडीत सापडतात, असे त्यात दाखवले होते. लेखकाचे नाव आरंभी झळकले होते. वेळही मुद्दाम रात्री नऊनंतरची, म्हणजे प्रौढांसाठीची ठेवली होती. तरीही असंख्य प्रेक्षकांना ते खरे वाटले. या कार्यक्रमामुळे मानसिक आघाताचा विकार जडलेल्या दोन मुलांची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. दोघेही दहा वर्षांचे होते, म्हणजे खरे-खोटे कळण्याच्या वयाचे. ज्यांच्यावर ती मुले विश्वास ठेवत होती त्या मोठ्या माणसांनीच हे खरे आहे असे भासवले, आणि तेथेच सारे बिघडले.

याचा अर्थ मुलांना भीतीचा वाराही लागू देऊ नये असा नाही. क्रूर वाटणाऱ्या परीकथाही मुलांच्या मनाला बळ देतात, असे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९७६ मध्ये आग्रहाने मांडले होते. डेन्मार्कमधील संशोधकांनी अशाच एका भयगृहात जाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीती अगदी थोडी किंवा फार झाली तर मजा जाते, मधल्या पायरीवर ती सर्वाधिक असते, असा त्यांचा २०२० मधील निष्कर्ष आहे. आजीच्या मांडीवर वेताळाची गोष्ट ऐकणारे मूल ‘आता पुरे’ म्हणू शकत होते, आणि आजी थांबत असे. भयगृहात मागून रांग ढकलत असते, पुढे अंधार असतो आणि बाप म्हणतो, ‘एवढे पैसे भरलेत, चल आता.’ जावेसे मुलाला वाटते की बापाला, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारले पाहिजे. मधूनच बाहेर पडण्याची वाट आहे का, हेही पाहिले पाहिजे.

ती वाट केवळ मनासाठी लागते असेही नाही. न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर उद्यानातील भुताच्या किल्ल्याला ११ मे १९८४ रोजी आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले मृत्यू पावली. आगीवर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा तेथे नव्हती. रस्त्यावरचा धोकाही असाच दुर्लक्षित राहतो. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांची तपासणी झाली तेव्हा हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचारी मृत्यूंचे प्रमाण आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक आढळले. अनोळखी माणसाने खाऊत विष कालवल्याच्या कथांना मात्र फारसा आधार नाही, असे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. तरी खाऊची पिशवी उलटीपालटी करून तपासणारे पालक भयगृहाचे मागचे दार कुठे आहे, हे सहसा विचारत नाहीत.

दारापर्यंत जाऊन मुलाचा धीर सुटला, तर त्याला ‘भित्रा’ न म्हणता, तिकिटाचे पैसे बुडाले असे समजून परत फिरावे. पुढच्या वर्षी ते पुन्हा विचारील, आणि तेव्हा नाही म्हणण्याचे कदाचित कारणही उरणार नाही.