विश्लेषण : व्हॅनमधून परदेश फिरायचा, वाटेत काम करायचे… भारतीय पासपोर्टवर हे जमते का?

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याशेजारचे खंडाळा वेगळे) कंत्राटी काम तरुणांना नवे नाही. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून परतताना मोबाइलवर जे व्हिडीओ दिसतात, त्यात मात्र निराळेच काम असते. जुनी व्हॅन घ्यायची, ऑस्ट्रेलिया फिरायचा, वाटेत कुठल्या मळ्यात चार आठवडे फळे तोडायची आणि त्या मजुरीत पुढचे हजार किलोमीटर कापायचे. हे खोटे नाही. युरोपातली मुले वर्षानुवर्षे असेच फिरत आली आहेत. पण त्यांच्या हातात कोणता व्हिसा असतो, हे व्हिडीओत सांगितले जात नाही आणि एजंट तर मुद्दामच सांगत नाही.

पर्यटक व्हिसावर काम केले तर?

आपल्याकडचाच नियम पाहावा. मोटारसायकलवरून भारत पाहायला निघालेला परदेशी पाहुणा खंबाटकीजवळच्या एखाद्या ढाब्यावर पगार घेऊन भांडी घासू शकत नाही. पर्यटक व्हिसावर नोकरीला बंदी आहे. नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला 16.25 लाख रुपयांहून अधिक पगार दाखवावा लागतो, मोजके अपवाद सोडले तर. बहुतेक देशांचे असेच आहे. ‘पैसे नकोत, जेवण आणि राहायला जागा द्या’ ही पळवाटही सगळीकडे चालत नाही. न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात मिळालेले जेवण-राहणे हाही मोबदलाच धरतात.

पकडले गेले तर व्हिसा रद्द होतो, परत पाठवणी होते आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर तो डाग राहतो. त्याहून वाईट म्हणजे मळ्याच्या मालकाला हे सगळे ठाऊक असते. ऑस्ट्रेलियात व्हिसा कसलाही असला तरी केलेल्या कामाची मजुरी मागता येते. व्हिसाचा धाक दाखवून कामगाराला राबवणे हा 1 जुलै 2024 पासून तिथे गुन्हाही आहे. कायदा चांगला आहे. पण कर्ज काढून गेलेला आणि परत पाठवले जाण्याच्या भीतीने लपून राहणारा मुलगा तक्रार करायला जातो कुठे?

मग सरळ दार कोणते?

सध्या खरे दार एकच आणि तेही अरुंद. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार सप्टेंबर 2024 पासून भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा (उपवर्ग 462) खुला झाला. जागा वर्षाला 1000. वय 18 ते 30. निवड सोडतीने. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पहिली नोंदणी सुरू झाली, तेव्हा दोन आठवड्यांतच 40 हजारांहून अधिक अर्ज आले. म्हणजे चाळिसांत एकाचाही नंबर लागण्याची खात्री नव्हती.

नोंदणीला पासपोर्ट, पॅन कार्ड आणि 25 ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात. नाव निघाले की 28 दिवसांत मुख्य अर्ज करायचा. त्यासाठी कामापुरते इंग्रजी, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण आणि सुमारे 5000 डॉलरची, म्हणजे अंदाजे तीन लाख रुपयांची शिल्लक दाखवावी लागते. व्हिसाचे शुल्क आणि विमानभाडे वेगळे. एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येते. ग्रामीण भागात शेतीसारखे ठरावीक काम तीन महिने केले, तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. ब्रिटनचीही 3000 जागांची सोडत आहे, पण तिथे पदवी हवी.

सोडतीत कोणताही एजंट कुणाचा नंबर वर आणू शकत नाही. ‘आपली आत ओळख आहे’ असे कुणी म्हणाले, तर तिथूनच उठून यावे.

मजुरी खरेच परवडते का?

परवडते, पण व्हिडीओत दिसते तितकी नाही. व्हिक्टोरिया राज्यातले मिल्ड्युरा हे ऑस्ट्रेलियाचे तासगाव म्हणता येईल. द्राक्षे आणि बेदाणा यांवर ते उभे आहे आणि तिथला हंगामही फेब्रुवारी-मार्चमध्येच भरात असतो. 1 जुलै 2025 पासून तिथे किमान वेतन ताशी 24.95 डॉलर आहे आणि कॅज्युअल कामगाराला त्यावर 25 टक्के वाढीव, म्हणजे सुमारे 31 डॉलर मिळतात. पूर्वी फळतोडीची मजुरी नगावर किंवा किलोवर ठरायची आणि नवख्याच्या हाती फार थोडे पडायचे. एप्रिल 2022 पासून उक्त्या कामालाही तासाच्या किमान वेतनाची हमी मिळाली. तरी पाऊस लागला की तोड थांबते, मजुरीही थांबते आणि व्हॅनचा खर्च चालूच राहतो.

हंगामी, हाताला मिळेल ते काम हलके नसते, हे सातारा-सांगलीला कुणी शिकवायला नको. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांत या जिल्ह्यांची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील सातारा जिल्ह्यातलेच. 1969 च्या माथाडी कायद्याने ज्यांना कायमचा मालक नव्हता, त्यांना नोंदणी, मंडळ आणि भविष्य निर्वाह निधी दिला. काम तेच राहिले, पण मजुरी मागायला जागा मिळाली. परदेशी मळ्यातही हाच फरक 462 व्हिसावरचा मुलगा आणि पर्यटक व्हिसावरचा मुलगा यांच्यात पडतो.

अडचण अशी की दहावीनंतर थेट कारखान्यात लागलेल्या मुलाला शिक्षणाच्या अटीमुळे हा व्हिसाच मिळू शकत नाही. आणि एजंटाचे खरे गिऱ्हाईक तोच आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला केंद्राची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याचे शुल्कही 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढ्यापुरतेच मर्यादित आहे. जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्राने हे दोन नियम मराठीत छापून शिरवळ, खंडाळा, लोणंदच्या बसस्थानकांवर आणि कारखान्यांच्या फाटकांवर लावावेत. त्याला फारसा खर्च नाही, आणि एखाद्या घराची जमीन गहाण पडण्याआधी तो कागद वाचला जाईल.