साथीदारांची कैफियत

गेल्या काही वर्षांत वसई, नालासोपारा आणि विरार या पट्ट्यातील सभागृहांतून, गृहसंकुलांच्या स्नेहसंमेलनांतून आणि गणेशोत्सवाच्या मंडपांतून हौशी गायक-गायिकांचा जो वर्ग पुढे आला आहे, तो बहुतांशी ट्रॅकवर गातो. म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातील गायकाचा आवाज वजा करून उरलेले वाद्यसंगीत ध्वनिक्षेपकातून सोडले जाते आणि रंगमंचावर गाणाऱ्याखेरीज कोणीही नसते. पूर्वी असे ट्रॅक निवडक लोकप्रिय गाण्यांचेच मिळत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वाटेल त्या गाण्यातील आवाज मोबाईलवर काही मिनिटांत अलग करता येतो, आणि त्यामुळे पेटीवाल्याला व तबलजीला बोलावणे धाडण्याचे उरलेसुरले निमित्तही नाहीसे झाले. या साधनाचा मी विरोधक नाही. परंतु त्याची हद्द आखून देण्याची वेळ आली आहे, आणि माझ्या मते ती हद्द अशी: रियाजाला ट्रॅक, सभेला जिवंत साथ.

आवाज वजा करण्याची जुनी युक्ती साधी होती. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज डाव्या-उजव्या बाजूंना सारखाच असल्यामुळे एक बाजू दुसरीतून वजा केली की तो पुष्कळसा लोपत असे. मात्र त्याबरोबर मध्यभागी असलेली वाद्येही लोपत, आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले त्या काळच्या मोनो ध्वनिमुद्रणांवर तर या युक्तीचा काहीच इलाज चालत नसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ ही प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली केली आणि हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. ही प्रणाली ध्वनीचे काळ व कंपनसंख्या यांनुसार चित्र मांडते आणि त्यातील प्रत्येक बिंदूत गळ्याचा अंश किती, याचा अदमास घेते. हा अदमास तिला शिकविला जातो तो ज्यांचे घटक वेगवेगळे उपलब्ध आहेत अशा गाण्यांवरून. पण २०१७ साली संशोधकांसाठी प्रसिद्ध झालेल्या १५० गाण्यांच्या सुपरिचित संग्रहात आवाज, ड्रम्स, बेस आणि इतर असे चारच खाने आहेत. आमची पेटी, सारंगी आणि बासरी यांची रवानगी होते ती ‘इतर’ या खान्यात. म्हणूनच जुन्या भावगीतातून आवाज काढून पाहावा, तर लांबविलेल्या स्वराच्या शेवटी पेटीच्या सुरांना गळ्याचा एक पुसट कण चिकटून राहिलेला अनेकदा ऐकू येतो.

परंतु खरी अडचण त्या कणाची नाही. तो तर उद्या दूर होईल. आपल्या संगीतात पेटी सावलीसारखी गळ्यामागून चालते. गायक शब्दावर रेंगाळला की तीही रेंगाळते. आणि त्याने सम गाठताना अक्षरावर भार दिला की तबलजीचा डावा हात त्याच क्षणी बायाँ दाबून घुमारा देतो. असे असताना आवाज पूर्णांशाने पुसला, तरी त्या गायकाने जेथे श्वास घेतला, जेथे जागा घेतली आणि जेथे लय किंचित सैल सोडली, त्या सर्व निर्णयांची नोंद उरलेल्या वाद्यांच्या दप्तरात कायम राहते. त्यावर गाणाऱ्याला स्वतःच्या बुद्धीने काही करण्याची मुभाच राहत नाही. दुसऱ्याने घेतलेल्या श्वासावर श्वास घेत तो उत्तम नक्कल करू लागतो आणि टाळ्यांच्या गजरात तिलाच आपले गाणे समजतो.

या संदर्भात कराओकेचा इतिहास बोधप्रद आहे. १९७१ साली जपानमधील कोबे येथे ज्याने कराओकेचे यंत्र तयार केले, तो दाइसुके इनोउए स्वतः साथीदार होता आणि मद्यालयांतून हौशी गायकांना साथ करी. एका गिऱ्हाइकाला परगावी आपल्याबरोबर साथीला येणारा वादक हवा होता. इनोउएला जाणे जमेना, म्हणून त्याने त्या माणसाच्या ढंगाला जुळेल अशी साथ फितीवर मुद्रित करून दिली आणि त्यातूनच पुढे यंत्राची कल्पना सुचली. तेव्हा त्या ट्रॅकच्या मुळाशीदेखील एका विशिष्ट गळ्याला ऐकून घेणारा कान होता. आज आपण तो कानच वगळला आहे.

ऐकून घेणाऱ्या साथीचा नमुना पाहण्यासाठी दूर जावयास नको. विरारहून चर्चगेटकडे धावणाऱ्या लोकलमधील भजनी मंडळी उभे राहण्यासही जागा नसलेल्या डब्यात टाळ धरतात. कोणाचा सूर चढला तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात, आणि चढउताराच्या धक्काबुक्कीत एखादा चरण निसटला तर पालुपद पुन्हा म्हणून गाणाऱ्याला ठिकाणावर येण्यास अवसर देतात. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. चुकलेल्या गायकाला टाकून तो पुढे निघून जातो.

यावर कोणी म्हणेल की, साथीदारांचे मानधन हौशी माणसाला परवडत नाही, आणि नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या गृहिणीने संसारातून सवड काढून आपल्या पट्टीत उतरविलेल्या ट्रॅकवर गाण्याचा आनंद घेतला तर बिघडले कोठे? काहीच बिघडले नाही. ज्या गाण्याचे दार तिला आजवर बंद होते ते या साधनाने उघडले, हे त्याचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. शिवाय हेच तंत्र साथीदारांना रंगमंचावर परतही आणू शकते. ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचे गाणे नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा जॉन लेननचा आवाज एका जुन्या घरगुती कॅसेटवरील पियानोपासून असाच अलग करण्यात आला आणि पॉल मॅकार्टनी व रिंगो स्टार यांनी त्या आवाजाला नव्याने वाजवून साथ दिली.

म्हणून माझी तजवीज एवढीच आहे. वसईच्या कला-क्रीडा महोत्सवासारख्या व्यासपीठांनी आणि सार्वजनिक मंडळांनी गायनस्पर्धेची प्राथमिक फेरी ट्रॅकवर खुशाल घ्यावी; अंतिम फेरी मात्र जिवंत साथीवर घ्यावी, तिच्या आदल्या दिवशी तालीम ठेवावी आणि वादकांच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र करावी, म्हणजे तो बोजा स्पर्धकावर पडणार नाही. रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांवरील खर्चाला आपण कधी कां कूं करीत नाही. त्यातील थोडा अंश पेटीवाल्याकडे व तबलजीकडे वळविला तर या पट्ट्यात वाद्य शिकणाऱ्या मुलाला ते शिकण्याचे प्रयोजन राहील, आणि ऐन वेळी लय सांभाळून घेणारा माणूस शेजारी बसलेला पाहून गाणाऱ्यालाही नकलेपलीकडे पाऊल टाकण्याचा धीर येईल.