रात्र कोणाच्या वाट्याला येते?

झोप ही आळशी माणसाची चैन आहे, असे कष्टकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. ऐकवणारे मात्र वेळेवर जेवून वेळेवर झोपत आले. गावची राखण करणे, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी धावणे ही कामे आमच्या आजोबा-पणजोबांच्या माथी होती. आज ती पद्धत उरली नाही. पण रात्रीच्या कामाची वाटणी फारशी बदलली आहे काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे.

मुलचेरा तालुक्याचेच पाहा. येथे धानाचा शेतकरी रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्रभर जागलीला बसतो. ज्याच्याकडे शेतीपंप आहे, त्याला राज्यात वर्षानुवर्षे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी आलटून-पालटून वीज मिळत आली. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. काही ठिकाणी दिवसा वीज मिळू लागली. जेथे ती पोचली नाही, तेथील शेतकरी आजही वाघाच्या आणि सापाच्या भीतीने हातात बॅटरी घेऊन अंधारात बांध फोडतो. शेती नसलेली तरुण मुले बल्लारपूर-चंद्रपूरकडे तीन पाळ्यांत कामाला जातात, शहरात चौकीदारी करतात. शेजारच्या चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिला, एटापल्लीत सुरजागडची खाण सुरू झाली. रोजगार आला, त्याचे स्वागतच आहे. पण भट्टी रात्री विझत नाही, म्हणून माणसानेही झोपू नये काय?

रात्री जागल्याने फक्त डोळे चुरचुरतात, असा आपला समज आहे. तो खोटा आहे. मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या जवळ शरीराचे एक घड्याळ असते आणि ते उजेडावर चालते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य पाझरते, अंगाची उष्णता उतरते, झोप येते. पहाटे दुसरी द्रव्ये वाढतात आणि शरीर जागे होण्याची तयारी करते. यकृत, आतडी, हृदय या प्रत्येकाचे स्वतःचे वेळापत्रक या मुख्य घड्याळाशी जुळलेले असते. हे घड्याळ पेशीत कसे चालते, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे वेळापत्रक मोडले की काय होते? दिवसा खाल्लेला भात शरीर जसे पचवते तसे मध्यरात्री पचवत नाही. त्याच भाताने रक्तातली साखर जास्त चढते. वर्षानुवर्षे हेच चालले की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि पोटाचे विकार यांचा धोका वाढतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास सावधपणा सर्वांत कमी असतो, यंत्रावर आणि रस्त्यावर अपघात होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली घड्याळ बिघडवणारे पाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत हेच मत कायम ठेवले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असा नाही. पण हा धोका हसण्यावारी नेण्याचा नाही, एवढा त्याचा अर्थ नक्कीच आहे.

कोणी म्हणेल, झाडीपट्टीतली माणसे तर हौसेने रात्रभर नाटक पाहतात! पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी झोपून भरपाई करतात. रातपाळीवाल्याला भरपाई कुठे? आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. टिनाच्या छपराखाली, पोरांच्या गलबल्यात दिवसा झोप लागेल काय? बाईची तर त्याहून वाईट गत. रात्रीची पाळी संपली की घरची पाळी सुरू.

त्यात आमच्या भागाचे आणखी एक दुखणे आहे, सिकलसेल. विदर्भातील अनुसूचित जाती आणि जमातींत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. थंडी, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे यांमुळे सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. पौष महिन्याच्या रात्री चिखलपाण्यात उभे राहणे म्हणजे त्याच्यासाठी झटक्याला आमंत्रणच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहरबानी नव्हे, हे त्यामागचे तत्त्व. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्री काम करण्याची मुभा आहे. चूल पेटवण्याची चिंता असलेल्या बाईच्या संमतीला संमती म्हणायचे काय, हा आमचा सवाल आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कायद्यात व्यवसायजन्य आजारांची यादी असते. तिच्यात शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, गोंगाटाने येणारा बहिरेपणाही आहे. नुकसानभरपाईच्या यादीत आजार असला आणि त्या कामात ठरलेली मुदत काढली असली, की तो कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. यादीत नसला तर कामामुळे झाला हे सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर. रात्रपाळीने येणारे आजार या यादीत नाहीत. वीस वर्षे रातपाळी केलेल्या माणसाला मधुमेह झाला तर त्याला विचारतात, दारू पितोस काय? किती वर्षे रात्र जागलास, हे कोणी विचारत नाही. आणि शेतीपंपावर जागणारा शेतकरी तर कोणाच्या कारखान्यातला कामगार नाही. त्याची पाळी वीज कंपनी ठरवते, पण त्याच्या पाळीची हजेरी कुठल्याच रजिस्टरात नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक शेतीपंपाला दिवसा वीज द्या. रातपाळीच्या कामगाराची दरवर्षी मोफत साखर आणि रक्तदाब तपासणी करा आणि तिचा कागद त्याच्या हातात द्या. सिकलसेलच्या रुग्णाला, त्याची रोजी न बुडवता, दिवसाचे काम द्या. दर आठवड्याला पाळी उलटीपालटी फिरवणे बंद करा. रात्रपाळीचे आजार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घाला.

हे आपोआप होणार नाही. कामगार बांधवांनी आजपासून एक साधी वही करावी. किती रात्री काम केले, कोणत्या पाळीत केले, केव्हा आजारी पडलो, याची तारखेनिशी नोंद ठेवावी. कोर्टात रडगाणे चालत नाही, कागद चालतो. शरीराने सोसलेल्या प्रत्येक रात्रीचा हिशेब ज्या दिवशी आपल्या हातात असेल, त्या दिवशी तो मागताही येईल.